घरमालक संघ, टेहळणी कॅमेरे आणि खासगी सत्तेची मर्यादा : अमेरिकेतील अनुभवाचा एक अभ्यास

प्रस्तावना

निवासी वसाहतीच्या प्रवेशद्वारावर बसविलेला कॅमेरा ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चोरी, वाहनांची मोडतोड, अनोळखी व्यक्तींचा वावर या कारणांमुळे कॅमेऱ्याची मागणी बहुधा रहिवाशांकडूनच होते आणि ती गैर म्हणता येत नाही. तथापि कॅमेरा कोणाच्या अधिकारात बसविला, त्याने टिपलेली माहिती कोणाच्या ताब्यात राहते, किती दिवस राहते आणि कोणत्या कामासाठी वापरली जाते, हे प्रश्न कॅमेरा बसविल्यानंतर क्वचितच विचारले जातात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे प्रश्न ‘होमओनर्स असोसिएशन’ या संस्थेच्या निमित्ताने तीव्रतेने पुढे आले आहेत. प्रस्तुत लेखात या संस्थेस ‘घरमालक संघ’ असे संबोधले आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : घरमालक संघाजवळ स्थानिक शासनासारखे अधिकार आहेत; परंतु शासनावर राज्यघटनेने घातलेली बंधने त्याच्यावर नाहीत. ही विसंगती जुनीच आहे. मात्र संघाच्या हाती टेहळणीचे साधन आल्यामुळे तिचे परिणाम वसाहतीच्या कुंपणाबाहेर जाऊ लागले आहेत.

या अनुषंगाने लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) घरमालक संघाच्या अधिकारांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) कॅमेऱ्याच्या वापरातून होणाऱ्या अतिक्रमणाचे प्रकार तपासणे.
३) त्यावर योजलेल्या कायदेशीर उपायांचा आढावा घेऊन भारतीय संदर्भात त्यांचा विचार करणे.

घरमालक संघ : उगम आणि विस्तार

न्यू जर्सी राज्यातील रॅडबर्न ही १९२० च्या दशकाच्या अखेरीस वसविलेली वसाहत या व्यवस्थेचा एक प्रारंभिक नमुना मानली जाते. सामाईक बागा, पायवाटा आणि मोकळ्या जागा यांची देखभाल रहिवाशांच्या वर्गणीतून करावयाची, असे तिचे साधे सूत्र होते. पुढे १९६४ मध्ये ‘अर्बन लँड इन्स्टिट्यूट’ने घरमालक संघ कसा स्थापावा याविषयी एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली आणि या पद्धतीचा प्रसार वेगाने झाला. विकासकाला कमी जागेत अधिक घरे बांधता येत. नगरपालिकेला रस्ते, दिवे, उद्याने यांचा खर्च टाळता येई आणि करही मिळत. या दुहेरी सोयीमुळे सार्वजनिक सेवांचा मोठा भाग खासगी संघांकडे गेला.

‘कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट’ या संघटनेच्या अंदाजानुसार १९७० मध्ये अशा वसाहतींची संख्या सुमारे १०,००० होती. अलीकडील अंदाजांत ती साडेतीन लाखांहून अधिक असून त्यांत सुमारे साडेसात कोटी लोक राहतात. यात सदनिकांच्या संघांचाही समावेश आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी या राज्यांत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही अशा वसाहतींत राहतात. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही.

संघाची रचना समजून घेणे येथे आवश्यक आहे. विकासक घरे विकण्यापूर्वीच नियमांचे एक घोषणापत्र सरकारी दप्तरी नोंदवितो. त्यातील बंधने जमिनीशी निगडित असतात. घर विकत घेणारा प्रत्येक जण, त्याने ते घोषणापत्र वाचलेले असो वा नसो, त्याने बांधला जातो आणि संघाचा सभासदही आपोआप होतो. निवडून आलेले संचालक मंडळ वर्गणी ठरविते, नियम करते, नियमभंगाबद्दल दंड आकारते. वर्गणी थकल्यास घरावर बोजा चढविता येतो आणि अनेक राज्यांत त्या बोजापोटी घराचा लिलावही करता येतो. मत सामान्यतः घरामागे एक असते. भाडेकरूला बहुधा मत नसते.

अशा तऱ्हेने कर, कायदा, दंड आणि जप्ती ही शासनसंस्थेची चारही लक्षणे येथे दिसतात. राज्यशास्त्राचे अभ्यासक इव्हान मॅकेन्झी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रायव्हटोपिया’ या ग्रंथात या व्यवस्थेची ‘खासगी शासन’ म्हणून चिकित्सा केली आहे.

न्यायालयांची भूमिका

संघांच्या अधिकारांकडे न्यायालयांनी प्रामुख्याने कराराच्या दृष्टीने पाहिले आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये नारस्टेट खटल्यात सदनिकेत मांजरे पाळण्यावरील बंदी वैध ठरविली. नोंदविलेल्या घोषणापत्रातील बंधने वाजवी आहेत असे गृहीत धरले जाईल आणि ती अवाजवी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर राहील, असा त्या निर्णयाचा आशय होता.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेला ट्विन रिव्हर्स खटल्यातील निर्णय याहून महत्त्वाचा आहे. सुमारे १०,००० लोकवस्तीच्या या वसाहतीत राजकीय मजकुराच्या फलकांवर संघाने निर्बंध घातले होते. रहिवाशांनी राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला. पण संघाचे नियम त्या हक्काचा भंग करीत नाहीत असे न्यायालयाने ठरविले. वस्तुतः अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये मार्श विरुद्ध अलाबामा या खटल्यात, कंपनीच्या मालकीच्या गावातही नागरिकांचे मूलभूत हक्क शाबूत राहतात असे म्हटले होते. तथापि घरमालक संघांना हे तत्त्व सहसा लागू करण्यात आलेले नाही.

याउलट शेली विरुद्ध क्रेमर या १९४८ च्या निर्णयाचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे करार न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असे त्या निर्णयाने ठरविले. म्हणजेच शेजाऱ्यांनी आपसांत केलेला करार हा नेहमीच निव्वळ खासगी मामला असतो असे नाही, हे न्यायालयाने पूर्वीच मान्य केलेले आहे.

कॅमेऱ्याचे बदललेले स्वरूप

शेजारच्या माणसांचे लक्ष असणे हे सुरक्षिततेचे साधन आहे, हा विचार जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये आणि ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये वेगवेगळ्या प्रकारे मांडला. दुकानदार, खिडकीतली गृहिणी, ओट्यावर बसलेले वृद्ध यांची नजर रस्त्यावर असते. म्हणून रस्ता सुरक्षित राहतो. परंतु ही नजर परस्परांची असते. पाहणारा स्वतःही दिसत असतो. तो पाहिलेले पुष्कळसे विसरतो आणि प्रसंगी हस्तक्षेपही करतो.

सुरुवातीचा सीसीटीव्ही या नजरेचा दुबळा पर्याय होता. चित्र अस्पष्ट असे आणि काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण होई. गेल्या दशकात मात्र दोन बदल घडले. पहिला बदल इंटरनेटला जोडलेल्या दारावरच्या कॅमेऱ्यांचा. ‘रिंग’ ही कंपनी २०१८ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतली आणि त्याच वर्षी शेजाऱ्यांना चित्रफिती परस्परांत पाठविता येतील असे तिचे ‘नेबर्स’ हे अॅप आले. दुसरा आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा बदल म्हणजे वाहनांच्या नंबर प्लेट आपोआप वाचणारे कॅमेरे. ही यंत्रणा पूर्वी प्रामुख्याने पोलिसांकडे असे. २०१७ मध्ये अटलांटा येथे सुरू झालेल्या ‘फ्लॉक सेफ्टी’ या कंपनीने ती भाडेतत्त्वावर घरमालक संघांनाही देऊ केली.

असा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या मागील बाजूचे छायाचित्र घेतो. नंबर, रंग, बनावट यांची नोंद करतो आणि दिनांक व वेळेसह ती साठवितो. रहिवाशांच्या वाहनांची यादी दिल्यास रहिवासी आणि बाहेरचे अशी विभागणीही करता येते. चोरीच्या वाहनांच्या सरकारी यादीशी नंबर जुळल्यास पोलिसांना सूचना जाते. माहिती सामान्यतः ३० दिवस ठेवली जाते आणि संघाची इच्छा असल्यास पोलिसांना ती पाहता येते. आता यंत्रात शोधयोग्य नोंदवही तयार होत असल्याने, एखादे वाहन महिनाभरात केव्हा केव्हा आले-गेले हे काही क्षणांत सांगता येते.

राज्यघटना आणि करार यांमधील पोकळी

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. परंतु हे संरक्षण शासनाविरुद्ध आहे. खासगी व्यक्तीने केलेल्या कृतीला ते लागू होत नाही, हे १९२१ च्या बर्डो विरुद्ध मॅकडॉवेल या खटल्यापासून प्रस्थापित आहे. तसेच एखाद्याने आपली माहिती तिऱ्हाइताच्या हाती दिली तर तिच्यावरील खासगीपणाचा दावा दुबळा होतो, असे १९७० च्या दशकातील निर्णयांनी ठरविले.

२०१८ मधील कार्पेंटर विरुद्ध युनायटेड स्टेट्स या निर्णयाने या तत्त्वाला मर्यादा घातली. मोबाइल कंपनीकडील १२७ दिवसांच्या स्थाननोंदी पोलिसांनी झडतीच्या वॉरंटशिवाय मिळविल्या होत्या. माणसाच्या हालचालींची इतकी सलग नोंद मिळविण्यासाठी सामान्यतः वॉरंट आवश्यक आहे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने म्हटले. मात्र हाही निर्बंध शासनाने माहिती मागण्यावर आहे. संघाने ती स्वखुशीने देऊ केल्यास काय, या प्रश्नाला त्या निर्णयात थेट उत्तर नाही.

येथेच पोकळी निर्माण होते. पोलिसांनी प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी कॅमेरा लावावयाचा म्हटले तर नगरपरिषदेत चर्चा होते, अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते, वृत्तपत्रांत टीका होते, माहितीच्या अधिकाराखाली कागदपत्रे मागता येतात. तोच कॅमेरा संघाने लावला तर संचालक मंडळाचा एक ठराव बहुधा पुरतो. खर्च रहिवासी करतात, माहिती पोलिसांना मिळते आणि उत्तरदायित्व मात्र कोणाकडेच स्पष्टपणे राहत नाही. रहिवाशाने घर घेताना घोषणापत्राला संमती दिली होती असे म्हणावे, तर ते बहुधा हे तंत्रज्ञान अस्तित्वात येण्यापूर्वीचे असते. शिवाय पाहुणे, भाडेकरू, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, पार्सल पोहोचविणारी मुले यांनी तर कोणत्याच कागदावर सही केलेली नसते.

अतिक्रमणाचे प्रकार

संघांकडून होणाऱ्या अतिक्रमणाचे स्थूलमानाने चार प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार उद्दिष्टाच्या विस्ताराचा. कॅमेरा चोरी रोखण्यासाठी येतो. परंतु एकदा चित्रण उपलब्ध झाले की कचऱ्याचा डबा वेळेआधी बाहेर ठेवला, पाहुण्याची गाडी रात्रभर उभी राहिली, घर अल्पकाळासाठी भाड्याने दिले, अशा नियमभंगांचा पुरावा म्हणून ते वापरण्याचा मोह संचालकांना होऊ शकतो. दंड आकारणारा, पुरावा जमविणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असल्यावर न्यायाचे प्राथमिक तत्त्वच बाजूला पडते.

दुसरा प्रकार व्यक्तिगत दुरुपयोगाचा. कॅन्सस राज्यातील सेजविक या छोट्या शहराच्या पोलीस प्रमुखाने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या आणि तिच्या नव्या मित्राच्या वाहनांचा माग काढण्यासाठी ही यंत्रणा दोनशेहून अधिक वेळा वापरल्याचे उघडकीस आले आणि त्याला पद सोडावे लागले. असा दुरुपयोग सापडू शकतो तो प्रत्येक शोधाची नोंद ठेवली जात असेल आणि ती तपासणारी वरिष्ठ यंत्रणा असेल तरच. संघाच्या मानद सचिवावर अशी देखरेख कोणाची असते, हा प्रश्न विचारणे भाग आहे. शेजारी हा शेजाऱ्याचा परिचित असतो. म्हणूनच त्याच्या हातातील माहिती अनोळखी अधिकाऱ्याच्या हातातील माहितीपेक्षा अधिक बोचू शकते.

तिसरा प्रकार ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ या विभागणीचा. फ्लॉरिडा राज्यातील सॅनफर्ड येथे २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका कुंपणबंद वसाहतीत मारला गेला. तो तेथे पाहुणा म्हणून राहत होता. वसाहतीच्या पहारा उपक्रमातील एका स्वयंसेवकाला तो संशयास्पद वाटला होता. स्वयंसेवक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. मात्र घरमालक संघाला मुलाच्या कुटुंबाशी आर्थिक तडजोड करावी लागली. या घटनेत कॅमेऱ्याचा संबंध नव्हता. परंतु अनोळखी म्हणजे संशयित हे समीकरण किती घातक ठरू शकते हे तीतून दिसले. यंत्रात रहिवाशांची यादी भरली की नेमके हेच समीकरण स्वयंचलित होते.

यंत्राच्या उत्तराला निर्विवाद सत्य मानण्याचा धोकाही येथेच नोंदविला पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे नंबर प्लेट वाचणाऱ्या पोलीस यंत्रणेच्या सूचनेवरून एका कृष्णवर्णीय कुटुंबाला, त्यातील लहान मुलींसह, तापलेल्या डांबरावर पालथे झोपविण्यात आले. चोरीस गेलेले वाहन प्रत्यक्षात दुसऱ्या राज्यातील, त्याच क्रमांकाची मोटारसायकल होती. २०२४ मध्ये शहराने या कुटुंबाला १९ लाख डॉलर देऊन दावा मिटविला.

चौथा प्रकार माहितीच्या प्रवासाचा. मे २०२५ मध्ये टेक्सासमधील एका शेरीफ कार्यालयाने, स्वतः गर्भपात केलेल्या एका स्त्रीचा शोध घेण्यासाठी देशभरातील हजारो कॅमेऱ्यांच्या नोंदी धुंडाळल्या. त्यांत गर्भपात कायदेशीर असलेल्या राज्यांतील कॅमेरेही होते. तिच्या सुरक्षिततेच्या काळजीपोटी शोध घेतला, असा खुलासा कार्यालयाने केला. तो स्वीकारला तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो. सायकलचोर पकडण्यासाठी एका गल्लीच्या तोंडाशी लावलेला कॅमेरा अशा जाळ्यात जोडला गेला की त्याचा उपयोग कोण, कशासाठी करील हे ती गल्ली ठरवू शकत नाही.

सुरक्षिततेचा दावा

वरील विवेचनावरून कॅमेरा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. पिझा, वेल्श, फॅरिंग्टन व थॉमस यांनी २०१९ मध्ये सीसीटीव्हीविषयीच्या ४० वर्षांतील संशोधनाचा आढावा घेतला. त्यानुसार कॅमेरे असलेल्या भागांत गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट आढळते. परिणाम सर्वाधिक दिसतो तो वाहनतळांवर. निवासी भागांतही घट दिसते. हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम आढळत नाही. ज्या ठिकाणी चित्रणाकडे माणूस प्रत्यक्ष लक्ष देतो तेथे परिणाम अधिक असतो.

याचा अर्थ असा की, कॅमेऱ्याचा लाभ खरा असला तरी तो माफक आहे. माफक लाभासाठी अमर्याद माहिती साठविणे प्रमाणबद्धतेच्या कसोटीला उतरत नाही. वाहनचोरीच्या तपासासाठी बहुधा काही दिवसांचे चित्रण पुरते. त्यासाठी प्रत्येक रहिवाशाच्या महिनाभराच्या येण्याजाण्याची नोंद संचालकांना पाहता यावी, हे समर्थनीय ठरत नाही.

कायदेशीर उपाय

अमेरिकेतील विधिमंडळांनी संघांच्या अधिकारांना सुटी सुटी मर्यादा घातली आहे. उपग्रह दूरचित्रवाणीच्या तबकड्यांवर बंदी घालण्यास १९९६ च्या केंद्रीय नियमाने, तर राष्ट्रध्वज लावण्यास मनाई करण्यास २००६ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने प्रतिबंध झाला. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा करून घरमालकाला स्वतःच्या जागेत सुरक्षा कॅमेरा बसविण्यास संघ मनाई करू शकत नाही असे ठरविले. या कायद्याची गरज भासावी ही बाब बोलकी आहे. सभासदाने स्वतःच्या दारावर लावलेला कॅमेरा सौंदर्याच्या नावाखाली रोखणे आणि संघाने सर्वांवर रोखलेला कॅमेरा सुरक्षिततेच्या नावाखाली लावणे, या दोन्ही गोष्टी एकाच अधिकारातून येतात.

टेहळणीच्या संदर्भात कॅलिफोर्नियाचा २०१५ चा कायदा विशेष उल्लेखनीय आहे. नंबर प्लेट वाचणारी यंत्रणा चालविणाऱ्या कोणावरही, मग ती खासगी संस्था का असेना, वापराचे व खासगीपणाचे लेखी धोरण ठेवण्याचे आणि माहिती पाहणाऱ्यांची नोंद ठेवण्याचे बंधन त्याने घातले. भंग झाल्यास बाधित व्यक्तीला दावा करता येतो आणि किमान २,५०० डॉलरची भरपाई मागता येते. न्यू हॅम्पशायरने पोलिसांच्या यंत्रणेबाबत याहून कठोर मार्ग पत्करला. नंबर संशयितांच्या यादीशी न जुळल्यास नोंद तीन मिनिटांत नष्ट करावी लागते. चोरीची गाडी सापडावी आणि इतरांचा माग राहू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साध्य होऊ शकतात, हे या तरतुदीवरून दिसते.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अमेरिकेतील घरमालक संघ यांत साम्य असले तरी एक मूलभूत भेद आहे. आपल्याकडील संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. तिच्यावर निबंधकाची देखरेख असते आणि वादासाठी सहकार न्यायालय उपलब्ध असते. तथापि संस्थेची स्वायत्तता न्यायालयांनी येथेही मान्य केली आहे. झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या २००५ मधील खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला.

खासगीपणाच्या बाबतीत मात्र भारतीय कायद्याची दिशा वेगळी आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात अनुच्छेद १९ व २१ खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे बहुमताने म्हटले गेले. त्याच वर्षी संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम खासगी संस्थांनाही लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. म्हणजे अमेरिकेत जी पोकळी राहिली ती भरून काढण्याची साधने आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येण्याची.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) कॅमेरा बसविण्याचा निर्णय संचालक मंडळाने परस्पर न घेता सर्व सभासदांच्या सभेत, लेखी उद्दिष्टासह घेतला जावा आणि भाडेकरूंचे म्हणणेही ऐकले जावे.
२) चित्रण ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट व्हावे. ते कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची नोंद सभासदांना तपासता यावी.
३) सुरक्षिततेसाठी घेतलेले चित्रण दंड आकारण्यासाठी वापरू नये.
४) पोलिसांना माहिती द्यावयाची ती विशिष्ट गुन्ह्याच्या संदर्भात आणि लेखी मागणीवरूनच. कायमस्वरूपी प्रवेश देऊ नये.

घर हे माणसाला जगाच्या नजरेपासून विसावा देणारे स्थान आहे, ही समजूत अनेक संस्कृतींत आढळते. त्या घराच्या रक्षणासाठी नेमलेली संस्थाच जर घरातील माणसांच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवू लागली, तर रक्षण कोणाचे आणि कोणापासून, हा प्रश्न उरतो. तो विचारण्याचा अधिकार सभासदाला आहे. आणि संस्था लोकशाही पद्धतीने चालणारी असेल तर त्याचे उत्तर देणे हे तिचे कर्तव्य आहे.